ताई, स्टॉकहोममधल्या आमच्या पहिल्या उन्हाळ्यासाठी तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

"माझं नाव लिहू नकोस हं" असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना दोन-चार ओळींतच कळेल कोणाबद्दल चाललंय ते. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. आता विषय बदलता येणार नाही.

इथे यायच्या आधी सगळ्यांनी आम्हाला थंडीची भीती घातली होती, अंधाराची घातली होती, उन्हाळ्याबद्दल मात्र कोणी काहीच बोललं नव्हतं. जूनच्या मध्यावर शाळा बंद झाली ती थेट ऑगस्टच्या मध्यानंतर उघडणार, आणि जुलैमध्ये तर आमची अख्खी बिल्डिंग रिकामी. इथे कायद्यानेच जून ते ऑगस्टमध्ये सलग चार आठवडे सुट्टी घ्यायचा हक्क आहे त्यामुळे जो तो आपापल्या स्टुगाला (सुट्टीतल्या छोट्या घराला), मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी गेल्या, खालच्या मजल्यावरचा धाकट्याचा दोस्त गेला, आणि आमची नोकरी नवीन असल्यामुळे आम्ही तिथेच. मामाचं गाव नाही, आजी-आजोबा नाहीत, बाहेर लख्ख ऊन आणि दोन मुलं खिडकीत. हे मी तुम्हाला कधी सांगितलंही नव्हतं. तुम्हीच ओळखलंत आणि फोन केलात, "शुक्रवारी मिडसमर आहे, मुलांना घेऊन ये, बाकी काही आणू नकोस."

मिडसमर म्हणजे इथला भर उन्हाळ्यातला मोठा सण, त्याची संध्या नेहमी १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते, १९५३ पासून असंच ठरलंय, आधी तारीख पक्की २३ जून असायची, हे तुम्ही बसमध्ये माझ्या मुलीला सांगितलंत आणि तिने ते पुढे भेटेल त्याला सांगितलं. दुकानं लवकर बंद होतात म्हणून आदल्या दिवशीच सगळं आणून ठेवायचं हेही तुम्हीच सांगितलंत. पण माझ्या डोक्यात राहिलंय ते कुरणातलं. मुलं फुलं गोळा करत होती आणि तुम्ही गवतात मांडी घालून बसलात, माझ्या लेकीला आपली वेणी गुंफतात तशी डेझीची वेणी गुंफायला शिकवलंत आणि तिचाच मुकुट करून तिच्या डोक्यावर ठेवलात. शेजारी बसलेल्या स्वीडिश आजींनी तो हातात घेऊन गाठी कशा मारल्यात ते बघितलं, मग त्यांनी तिला बर्चच्या डहाळीवर फुलं बांधायची त्यांची पद्धत दाखवली. भाषा एकीला दुसरीची येत नव्हती पण अर्धा तास दोघी गुंग होत्या. पोरगी घरी आल्यावर म्हणाली, मला इथे पण एक आजी मिळाली. ताई, हे ऐकून मला काय वाटलं ते मी खरंच नाही लिहू शकत.

मग पानं-फुलांनी सजवलेला तो उंच खांब उभा केला आणि सगळे लहान-मोठे त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचायला लागले. धाकटा माझा पाय सोडेना, तर तुम्ही त्याला ओढलं नाहीत की "जा ना" म्हणून मागे लागला नाहीत, नुसत्या त्याच्या शेजारी उभ्या राहिलात आणि जागच्या जागी उड्या मारायला लागलात! तिसऱ्या गाण्याला तो तुमचा हात धरून रिंगणात होता. हेरिंग मासा आम्ही खात नाही हे लक्षात ठेवून नवे बटाटे, शेपू आणि सावर क्रीम तुम्ही वेगळं काढून ठेवलं होतंत, आणि स्ट्रॉबेरी तर काय, मुलांनी बाकी कशाला हातच लावला नाही.

पण सगळ्यात मोठं ऋण पाण्याचं आहे. या शहरात जिकडे बघाल तिकडे पाणी, बाहेर पडलं की तीसेक हजार बेटांचा समूह (शेरगोर्ड), आणि बहुतेक ठिकाणी लाइफगार्ड नसतो. त्या बेटांवरच्या वॅक्सहोम गावाला जायचं ठरलं तेव्हा तुम्ही आधी आम्हाला फ्रितिड्सबांकेनला नेलंत, जिथे खेळाचं आणि सुट्टीचं सामान १४ दिवस फुकट वापरायला मिळतं. तिथे दोघांच्या वजनाप्रमाणे लाइफ जॅकेट शोधलीत, कॉलर आहे का बघितलीत, दोन पायांमधून जाणारा पट्टा स्वतः ओढून बघितलात, कारण तो नसेल तर लहान मूल पाण्यात जॅकेटमधून खाली सरकतं. आणि तुमचं ते वाक्य, "पोरं पाण्यात असताना तुमचा हात पोचेल एवढंच अंतर, फोन पिशवीत." आमच्या घरात आता तो नियमच आहे.

आणि ती रात्र! मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली दिसली, माझे हात थरथरत होते, अकरा वाजून गेले होते तरी तुम्ही पहिल्या रिंगला फोन उचललात. व्हिडिओवर सांगत राहिलात, चिमटा कातडीच्या अगदी जवळ धर, सरळ ओढ, तेल-बिल काही लावू नकोस, जागा साबणाने धू, तारीख लिहून ठेव आणि पुढचे काही आठवडे लाल डाग पसरतोय का बघत राहा, पसरला तर ११७७ ला, इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला, फोन कर. गोचिडीमुळे होणाऱ्या दोन आजारांपैकी टीबीईची (मेंदूला सूज आणणाऱ्या विषाणूची) लस असते, बोरेलियाची (लाइम आजाराच्या जंतूची) नसते, त्याला अँटिबायोटिक देतात, हे शांतपणे समजावलंत तेव्हा कुठे माझा श्वास खाली बसला. मुलगी ठणठणीत राहिली. सकाळी सातला तुमचा मेसेज होता, "झोपलीस का गं?" मुलीची चौकशी तर सगळेच करतात हो, माझी तुम्ही केलीत.

जुलैच्या शेवटी जंगलात ब्लूबेरी तोडायला नेलंत तेही लिहायचंय. कोणीही जंगलात फिरावं, बेरी तोडून खाव्यात, फक्त कोणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि कशाची नासधूस करायची नाही, हा इथला हक्क तुम्ही मुलांना इतका मनावर घेऊन सांगितलात की धाकटा आता वाटेतला दुसऱ्यांचा कचराही उचलून आणतो.

तुम्हाला स्वतःची नोकरी आहे, घर आहे, मुलं मोठी झाली म्हणून वेळ मोकळा पडलाय असं काही नाही. तरी एकदाही तुम्ही "नेटवर बघ ना" म्हणाला नाहीत. लिंक पाठवून मोकळ्या होण्यासारख्या गोष्टींसाठी तुम्ही स्वतः आलात. मुलं तुम्हाला मावशी म्हणतात ते मी शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलं.

आता परत मिडसमर येतोय. आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवीन कुटुंब आलंय, त्यांची मुलगी अडीच वर्षांची आहे, त्यांनाही सोबत आणतोय. यावेळी बटाटे, शेपू, स्ट्रॉबेरीचा केक सगळं आम्ही करणार आहोत. तुम्ही आणि भाऊजी फक्त या, आणि येताना रिकाम्या हातानेच यायचं, हे लेकीने तुम्हाला बजावून सांगायला लावलंय.

तुमचीच,
धाकटी बहीण