महसूलमंत्री साहेब, वाळूचा हिशोब माझ्याकडेही मागा

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पत्र तक्रारीचं आहे, पण पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आहे. चार वर्षांपूर्वी घर बांधलं. टाईल्स निवडण्यात तीन रविवार घातले, नळ कुठल्या कंपनीचे घ्यायचे यावर घरात भांडणं झाली, आणि वाळूबद्दल अख्ख्या बांधकामात मी एकच प्रश्न विचारला, "चाळून घेतलीय ना?" कॉन्ट्रॅक्टरने सुरुवातीला विचारलं होतं, नदीची टाकू की क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू, मी म्हटलं नदीचीच टाक, घर एकदाच बांधतो माणूस. गाडी रात्री दीड-दोनला यायची, सकाळी दारात ओला ढीग. रात्रीच का येते हे मला कळत नव्हतं असं म्हणालो तर खोटं बोलल्यासारखं होईल. कॉन्ट्रॅक्टरच्या वहीत 22 ब्रास लिहिलेत, म्हणजे 2200 घनफूट, आणि वाहतूक पास, म्हणजे वाळू परवानगीने काढून आणल्याचा कागद, माझ्याकडे एकही नाही.

आता तुमच्या बाजूचं बोलू. कायदे नाहीत असं नाही, उलट भरपूर आहेत. 1957 च्या खाण कायद्यात साधी वाळू 'गौण खनिज' आहे आणि तिचे नियम राज्याने करायचे. गौण हा शब्दच मला खटकतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे की जग वर्षाला सुमारे 5000 कोटी टन वाळू-खडी वापरतं, पाण्याखालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती हीच वस्तू. बरं वाळवंटातली वाळू चालत नाही, वाऱ्याने घासून ती गुळगुळीत झालेली असते, सिमेंटमध्ये नीट धरत नाही, म्हणजे सगळ्यांची नजर नदीवरच. आणि वर धरण बांधलं की नवीन वाळू मागेच अडते, खाली आपण काढत राहतो ती जुनी शिल्लक.

आणि 'छोटी खाण' हा तर एक खेळच झालाय. पूर्वी 5 हेक्टरखालच्या गौण खनिजाच्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती, तर लोकांनी मोठ्या पट्ट्याचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा 5 च्या आत, झालं काम. सुप्रीम कोर्टाने 27 फेब्रुवारी 2012 ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात हे बरोबर पकडलं आणि 5 हेक्टरखालीही मंजुरी घ्या म्हणून सांगितलं, एकेक खाण किरकोळ दिसली तरी सगळ्या मिळून नदीचं वाटोळं करतात हा त्यामागचा विचार. मग जानेवारी 2016 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून छोट्या खाणींची मंजुरी जिल्हा पातळीवर दिली, जनसुनावणी नको म्हटलं, आणि 2018 मध्ये हरित लवादाला परत त्यात हात घालावा लागला. दार लावायचं आणि खिडकी उघडी ठेवायची, असं चाललंय.

आता छोटा कोण हेही एकदा ठरवा. कोकणातल्या खाड्यांमध्ये हातपाटी-डुबीवाले आहेत, बादली घेऊन बुडी मारायची, भरून वर यायचं, परत बुडी. दिवसभर छाती फुटेपर्यंत काम करून होडी भरते. आणि दुसरीकडे सक्शन पंप, तो रात्रीत पात्रात खड्डा पाडतो. कागदावर दोघंही 'वाळू उत्खनन' करणारेच. डुबीवाल्यालाही परवाना हवा, मर्यादा हवी, मान्य, पण जप्तीच्या बातम्यांमध्ये मला नेहमी ड्रायव्हर आणि मजूर दिसतात, पंपाचा मालक क्वचित, आणि वाळू विकत घेणारा तर कधीच नाही. म्हणजे मी.

नदीचं काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पावसाचं पाणी ती धरून ठेवते, हळूहळू आजूबाजूच्या विहिरींना देते. ती उपसली की पात्र खोल जातं, भूजल खाली जातं, काठावरचा शेतकरी बोअर आणखी खोल मारतो, पुलाचे पाये उघडे पडतात. त्या शेतकऱ्याच्या बोअरचा खर्च माझ्या प्लास्टरमध्ये आहे, फक्त बिलात दिसत नाही.

महसूल जमीन अधिनियमात बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण तो वसूल करायला तलाठी-तहसीलदार रात्री गाड्यांमागे पळतात, त्यांच्या अंगावर गाडी घालायचे प्रकार झालेत. त्यात तुमच्याच खात्याने वाळूचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) जमा करायचं आणि उपसा रोखायचाही, ही ओढाताण तुम्हालाही कळत असेल. 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचं धोरण आलं, नंतर 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे गेलो. स्वस्त की महाग, डेपो की लिलाव, या सगळ्यात एक प्रश्न राहूनच गेला की घेणारा किती घेतोय आणि कुठून.

तर मागणी एकच. भोगवटा प्रमाणपत्र देताना फाईलमध्ये लिफ्टचा दाखला मागतात, फायरचा मागतात, तसे वाळूचे वाहतूक पास मागा. ब्रास किती लागली असेल हे कुठलाही इंजिनिअर नकाशावरून काढून देईल, पास जुळले नाहीत तर प्रमाणपत्र थांबवा आणि दंड मालकाला लावा. सुरुवात मोठ्या बिल्डरपासून करा, सरकारी योजनेतून घर बांधणाऱ्या घरकुलवाल्याला यातून वगळा, त्याच्या हक्काच्या वाळूसाठी त्याला आणखी चकरा नकोत. ऑनलाइन पास तुमच्याकडे आहेतच, फक्त ते बांधकामाच्या परवानगीला जोडायचेत. (हे नगरविकास खात्याचं काम आहे असं उत्तर येईल याची कल्पना आहे, तरी लिहितोय.)

क्रश सँडला मोकळं रान देऊ नका हेही जाता जाता. 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलंत, चांगलं केलंत, पण ती डोंगर फोडून होते, धूळ खाणारी माणसं तिथेही आहेत. पाडलेल्या बांधकामाचा मलबा दळून वापरायची सोय तालुक्याला झाली तर जास्त बरं. मागच्या वर्षी मी हॉल मोठा करायला एक धडधाकट भिंत पाडली आणि मलबा नेणाऱ्याने तो ओढ्यात टाकला. नदीतून वाळू काढली आणि ओढ्यात विटा टाकल्या, माझा हिशोब असा जुळला.

असा नियम मागच्या बांधकामांनाही लावायचा ठरला तर माझ्याकडे दाखवायला फक्त कॉन्ट्रॅक्टरची वही आहे. दंडाची नोटीस पाठवा, मी भरेन, कुरकुर करत भरेन पण भरेन.

आपला,
22 ब्रासचा एक घरमालक