काकू, आभार लिहूनच मानतो

प्रिय काकू,
सा. न.

पॅरिसहून ग्रेनोबलच्या गाडीत बसवताना तुम्ही बजावलं होतंत, "फोनवर थँक्यू म्हणू नकोस. मानायचेच असतील आभार तर मराठीत चार ओळी लिही, आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ." त्याला दीड वर्ष झालं. चार ओळींत काही बसेना, म्हणून हा उशीर. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे "छे, मी काय केलं त्यात" म्हणून हात झटकायची सोय राहणार नाही.

जाहिरातीतल्या खोलीचं डिपॉझिट मी निफाडहून निघण्याआधीच भरलं होतं. पॅरिसमध्ये त्या पत्त्यावर पोहोचलो तर तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान. नोव्हेंबरचा पाऊस, दोन बॅगा आणि आईच्या लोणच्याची बरणी. गावच्या डॉक्टरांनी त्यांच्या मामेबहिणीचा, म्हणजे तुमचा, नंबर "असू दे जवळ" म्हणून दिला होता. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "जेवलास का?" मी 11 दिवस राहिलो. तेवढ्या दिवसांत "पुढे काय ठरवलंयस" हे एकदाही विचारलं नाहीत. मी रोज त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून जेवायला बसायचो.

पुढे खोली मिळाली, पण रविवार तुमच्याकडेच गहाण राहिले. त्यातला बेर्सीचा रविवार मला अजून तासातासाने आठवतो. सेन नदीकाठचा हा भाग म्हणजे एकेकाळचं पॅरिसचं वाईनचं कोठार. शहरात शिरणाऱ्या मालावर जकात लागायची आणि बेर्सी 1860 पर्यंत वेशीबाहेर होतं, म्हणून व्यापाऱ्यांनी पिंपं तिथेच उतरवली. आता बाग आहे, दुकानं आहेत, पण फरसबंदीतले जुने रूळ तसेच. (जकात वाचवायला वेशीबाहेर माल उतरवणं, ही अक्कल आमच्या तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.)

बागेत द्राक्षाच्या वेली दिसल्या आणि मी थांबलोच. फेब्रुवारी संपत आलेला, छाटणी झालेली, काड्या उघड्या. पॅरिसला आल्यापासून पहिल्यांदाच तुमच्यापेक्षा जास्त मला काहीतरी माहीत होतं. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावावी लागते, कारण थंडी पुरत नाही. इथे हिवाळाच ते काम फुकटात करून देतो, हे मी तुम्हाला भर गारठ्यात वीस मिनिटं ऐकवलं. तुम्ही हातमोजा काढलात आणि काडीवरचा एक डोळा बोटाने चाचपून पाहिलात. "म्हणजे हा झोपलाय?" "झोपलाय." "कधी उठेल?" "एप्रिलात." तुम्ही मान डोलावलीत, जणू मी कुणा पाहुण्याची तब्येत सांगत होतो.

त्याच बागेच्या कडेला फ्रँक गेहरीची ती वाकडीतिकडी इमारत, सिनेमातेक, जुने सिनेमे जपणारी संस्था. आत सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला दिग्दर्शक मेलिएस, त्याचं संग्रहालय. 1902 साली चंद्राच्या डोळ्यात यान घुसवणारा हा माणूस म्हातारपणी मोंपार्नास स्टेशनवर खेळणी आणि गोळ्या-बिस्किटं विकत होता, हे सांगताना तुम्ही चिडला होतात, जणू ही कालची गोष्ट आणि तक्रार करायला अजून वेळ गेलेली नाही.

संध्याकाळी तुमच्याकडे भिंतीवर 'ला जेते' लावलात. ख्रिस मार्करचा, 1962 चा, 28 मिनिटांचा. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या पोटात राहणारे लोक एका कैद्याला भूतकाळात पाठवतात, आणि हे सगळं स्थिर फोटोंमधून. फोटोंचा कसला सिनेमा, म्हणून मी हळूच मोबाईल काढला. नेमकं तेव्हाच झोपलेली ती बाई डोळे उघडते. अख्ख्या सिनेमात हलतं ते एवढंच, तेही काही क्षण. तुम्ही मला काही बोलला नाहीत. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलात, बस्स. दुसऱ्या खेपेला मोबाईल खिशात होता. तिने पापण्या उचलल्या आणि मला, खरं सांगतो, बागेतली ती काडी आठवली.

एप्रिलात डोळे फुटलेले बघून आपण बागेतून पादचारी पुलाने पलीकडे गेलो, तेराव्या विभागात. 6 नंबरची मेट्रो तिथे डोक्यावरून जाते आणि दोन्ही बाजूंना सात-आठ मजली चित्रं. मला सी215 या चित्रकाराचं निळं मांजर आवडलं, तुम्हाला शेपर्ड फेरी या चित्रकाराची मारियान, म्हणजे फ्रान्सचं प्रतीक असलेली बाई. पॅरिसवरच्या नोव्हेंबर 2015 च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्याने ती 2016 मध्ये काढली. डिसेंबर 2020 मध्ये एका रात्रीत काहीजणांनी तिच्या डोळ्यांतून लाल अश्रू ओघळवले आणि भोवतीचं 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे ब्रीदवाक्य पांढऱ्या रंगाने पुसलं. चित्र दुरुस्त झालं, पण एक छोटा निळा अश्रू त्याने ठेवून दिला. मी म्हटलं, भिंतीवर काढलं की असं व्हायचंच. तुम्ही म्हणालात, "होऊ दे की. दिवाणखान्यातल्या चित्राशी कोण भांडायला येतंय?"

आणि कोकोव्हँ, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेली फ्रेंच कोंबडी. वाईन मी आणली होती, दुकानातली सगळ्यात स्वस्त, आणि कोंबडी त्यात रात्रभर मुरवून वर शहाणपणा करून झाकण घट्ट लावून शिजवली. झाकण काढलं तर जांभळं चिकन आणि दात आंबवणारा रस्सा. तुम्ही चिकन बाजूला काढलंत, रस्सा मोठ्या आचेवर ठेवलात आणि मला पळी देऊन उभं केलंत. वास घेत राहा, म्हणालात. नाकात झोंबायचा थांबला की कच्ची दारू गेली. मग तो निम्म्याहून कमी होईस्तोवर आटवायचा. शेवटी फडताळातून गुळाचा खडा काढून आत टाकलात. "फ्रेंच लोक चिमूटभर साखर घालतात. मी गिरगावची आहे." पेला हातात, पदर खोचलेला. माझ्या आईने तुम्हाला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर तुमच्याशी बोलली नसती, आणि रेसिपी मात्र मला विचारली असती.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा नाशिकची बाटली आणून तेच केलं. आईने वेगळं पातेलं दिलं आणि मागच्या पडवीत चूल मांडून दिली. अण्णांनी भाकरी बुडवली, बराच वेळ चावली. आयुष्यभर थॉमसन द्राक्षं पिकवलेला माणूस. म्हणाले, "एवढी द्राक्षं घातली आणि आंबटच?"

गूळ विसरलो होतो, काकू.

चुका लाल पेनाने दाखवून पत्र परत पाठवा. पेनाने म्हणतोय. मागच्या वेळी तुम्ही माझा अर्ज तपासलात तेव्हा त्यावर पेल्याचा गोल उठला होता.

तुमचा,
निफाडचा पाहुणा