प्रार्थनेच्या नावाखाली खोटी साक्ष नको

संपादक महोदय,

'भारतातील मंडळीसाठी तातडीने प्रार्थना करा. बौद्ध अतिरेक्यांनी काल रात्री २० चर्च जाळली. आज रात्री ओलिसाबांग प्रांतातली २०० चर्च उद्ध्वस्त करणार, २४ तासांत २०० मिशनऱ्यांना मारणार,' अशा आशयाचा मेसेज आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा आला. खाली पटापट 'आमेन' आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणीतरी तो बाहेर पाठवला आणि फिरत फिरत आमच्या शेजारच्या बौद्ध कुटुंबातल्या मुलाच्या मोबाइलवर गेला. 'काकू, हे आमच्याबद्दल आहे का?' असे त्याने दारात उभे राहून मला विचारले. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

मेसेज धादांत खोटा आहे. ओलिसाबांग नावाचे राज्य भारतात नाही. दहा वर्षांहून अधिक काळ तो देशोदेशी फिरतो आहे. तारीख लिहिलेली नसल्यामुळे त्यातली 'काल रात्र' कधी शिळीच होत नाही. परदेशातल्या कुणाला तो खरा वाटला तर समजू शकते. पण आपण अहिल्यानगरचे! आपल्यातल्या कित्येकांच्या आजा-पणजाने ख्रिस्त स्वीकारला आणि त्यांच्याच भाऊबंदांनी १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म. आडनावे अजून एक आहेत. वैशाख पौर्णिमेची खीर त्यांच्याकडून येते, नाताळच्या करंज्या आमच्याकडून जातात. सासूबाई गेल्या तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला याच मुलाचे वडील पुढे होते. या माणसांना अतिरेकी ठरवणाऱ्या मजकुराखाली 'आमेन' कसे लिहवते?

'प्रार्थनाच तर करतोय, त्यात कुणाचे काय बिघडले?' असे मला ऐकवले गेले. बिघडते, आणि फार बिघडते. २००८ मध्ये ओडिशातल्या कंधमालमध्ये खरोखरच चर्च जाळली गेली, घरे जळली, माणसे मारली गेली, हजारो लोक जंगलात आणि छावण्यांत राहिले. त्या हिंसाचाराशी बौद्धांचा काडीचाही संबंध नव्हता. आपणच असली बनावट संकटे पसरवत राहिलो, तर कंधमालच्या विधवेचे खरे दुःख सांगायला गेल्यावर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार?

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपल्या रविवारच्या शाळेतली लहान मुलेही घडाघडा म्हणतात. सर्व गोष्टींची पारख करा, असे बायबलमध्ये प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो. बिरुया नगराचे लोक तर खुद्द पौलाचे बोलणेही रोज शास्त्र उघडून पडताळत, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली आहे. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी न पटलेल्या शिकवणीवर तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालायला त्या कचरल्या नाहीत. विश्वास म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे, हे आपल्यात कधी शिरले कळत नाही. शंभर-दोनशे रुपयांचा माठ घेताना आपण तो चारदा वाजवून पाहतो.

पडताळणे अवघडही नाही. गाव कोणते, तारीख कोणती, कळवणारा कोण, एवढे विचारले तरी निम्मे मेसेज तिथेच गळून पडतील. ओडिशातही सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, मंडळ्या आहेत, तिथल्या पाळकांना फोन लावता येतो. चौकशीत बातमी खरी निघाली, तर ग्रुपवर हात जोडून थांबू नये. वर्गणी काढून मदतही पाठवावी.

मी ग्रुपवर खुलासा टाकला, त्यावर दोघी-तिघींनीच उत्तर दिले. शेजाऱ्यांच्या घरी जाऊन मात्र मी आणि माझ्या यजमानांनी बसून बोलणे केले. आमच्या पाळकसाहेबांना आणि पंचांना माझी जाहीर विनंती आहे, की येत्या रविवारी उपासनेतल्या सूचनांच्या वेळी हा मेसेज खोटा असल्याचे वाचून दाखवावे आणि ज्या ज्या ग्रुपवर तो गेला तिथे तिथे खुलासाही पाठवायला सांगावे.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर