मयताच्या कर्जाचा हिशेब वारसाला लेखी मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्ता माणूस गेला की वारस नोंदीचे कागद तलाठ्याकडे जातात आणि त्याच दिवसांत घरी कर्जाचे निरोप यायला लागतात. जमीन नावावर घ्यायची की सोडून द्यायची, हे बाईने ठरवायचे असते ते नेमके तेव्हा. हातात मात्र एकही लेखी आकडा नसतो. माझ्या वाट्याला हे आले, म्हणून हे पत्र.

माझे मालक मागच्या पावसाळ्यात हृदयविकाराने गेले. वय ४२. बार्शी तालुक्यात वाटणीत आलेली तीन एकर जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. वारस चौघे: मी, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई. देणी म्हणजे सोसायटीचे पीककर्ज, बँकेचे विहिरीचे कर्ज आणि बियाण्या-खताच्या दुकानाची उधारी. शिवाय ते एका पतसंस्थेत शेजाऱ्याला जामीन राहिले होते, हे तेराव्यानंतर कळले.

आकडा विचारावा तर प्रत्येक जण वेगळा सांगे. वसुलीला आलेला माणूस म्हणाला, “वहिनी, सातबाऱ्याला नाव लागलं की सगळं तुमच्या अंगावर. शिलाई मशीन, दागिने, काही सुटत नाही.” हे ऐकून भावजी म्हणाले, “आईच्या नावानं हक्कसोड करून द्या, पोरांच्या वतीनं पण तुम्हीच सही करा, म्हणजे पोरं तरी मोकळी राहतील.” भावजींच्या मनात खोट नव्हती. तेही घाबरलेच होते. माझ्या माहेरीही हाच सल्ला मिळाला.

सही करण्याआधी मी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे गेले. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे आमच्या गावात कुणाला माहीत नव्हते. तिथल्या वकीलबाईंनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले.

वारसाची जबाबदारी मयताची जी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरतीच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमे ५० आणि ५२ हेच सांगतात. कर्ज इस्टेटीपेक्षा मोठे निघाले तरी वरचा फरक वारसाच्या स्वतःच्या कमाईतून मागता येत नाही. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या आधारावर मुलाला कोर्टात ओढण्याची वाट २००५ च्या वारसा कायदा दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी बंद केली. आणि आपल्या भागात तर हे फार जुने आहे. मुंबई इलाख्यात १८६६ सालीच कायदा करून मुलानातवांची जबाबदारी मिळालेल्या इस्टेटीपुरती मर्यादित केली होती. दीडशेहून जास्त वर्षे झाली, तरी माझ्या दारात उभे राहून माणूस उलटे सांगतो, याचा मला संताप येतो. माझे दागिने हे माझे स्त्रीधन आणि मशीन माझ्या कमाईचे. ती मालकांची इस्टेट नव्हेच.

हक्कसोडीचेही तसेच. सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात चढलेला असतो. तो माणसाच्या नाही, जमिनीच्या मागे जातो. मी हक्क सोडला असता तर बोजा तसाच राहिला असता, फक्त सासूबाईंकडे गेला असता. आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या मिळकतीचा हक्क आईला न्यायालयाच्या परवानगीशिवाय असा देऊन टाकता येत नाही. मुलांच्या वतीने माझी सही घेऊन सगळे निस्तरेल, असे जे समजत होते ते चूक होते.

पण खरी भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे नवं-जुनं, म्हणजे नवे कर्ज काढून त्यातून जुने फेडणे. मला सांगण्यात आले, “३१ मार्चच्या आत तुमच्या नावावर नवं-जुनं करून घ्या, खातं थकीत जाणार नाही, व्याजाची सवलतही राहील.” सवलतीचे खरे आहे, वेळेत फेडले तरच व्याज सुटते. मात्र नवं-जुनं करताना वारसाच्या नावाने नवे कर्ज मंजूर होते आणि त्यातून मयताचे खाते बंद होते. त्या सहीनंतर ते कर्ज मयताचे राहतच नाही. जी जबाबदारी इस्टेटीपुरती होती ती वारसाची स्वतःची होते. वर्षभराने पीक गेले तर मग वारसाची स्वतःची मिळकतही त्यात आली. हे समजून कुणी सही करत असेल तर तो त्याचा निर्णय. माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मात्र यातले एक अक्षरही कुणी सांगितले नव्हते.

मी सर्वांकडे मृत्यूच्या तारखेची येणे बाकी लेखी मागितली. सोसायटीचे एक लाख दहा हजार, विहिरीचे तीन लाख चाळीस हजार. त्या विहिरीच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून माझीच सही निघाली. ते मला वारस म्हणून नव्हे, कर्जदार म्हणून फेडायचे आहे आणि मी ते फेडणार आहे. दुकानदाराने तोंडी सांगितलेला आकडा बिले मागितल्यावर निम्म्याने खाली आला. सगळे धरूनही जमिनीची किंमत एकूण देण्यांपेक्षा कितीतरी जास्त होती, म्हणून आम्ही चौघांची वारस नोंद घातली. पासबुकात दरवर्षी ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली. ती जीवन ज्योती या सरकारी योजनेतल्या आयुर्विम्याची. त्याचे दोन लाख आले, त्यातून सोसायटी भागवली आणि बोजा उतरवला. हे पासबुक मी पाहिले नसते तर बँकेतून कुणी आपणहून सांगायला आले नसते.

वकीलबाईंनी गोव्याचे उदाहरण दिले. तिथल्या वारसा कायद्यात मयताची मालमत्ता आणि देणी, दोन्हींची यादी दिवाणी न्यायालयापुढे मांडून मग वाटणी करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे प्रत्येक घराने न्यायालयात जावे असे मी म्हणत नाही. पण वारसाने मृत्यूचा दाखला दिला की बँकेने, सोसायटीने आणि पतसंस्थेने ठरावीक मुदतीत येणे बाकी, तारण, जामीनदार, सहकर्जदार आणि खात्याशी जोडलेला विमा एका कागदावर सहीशिक्क्यानिशी द्यावा. वारस नोंदीच्या अर्जाची पोच देताना तलाठ्याने जबाबदारी इस्टेटीपुरती असल्याची छापील सूचना द्यावी. आणि वारसाच्या नावे नवं-जुनं करण्याआधी त्याचा अर्थ मराठीत वाचून दाखवून तशी वेगळी सही घ्यावी. महसूल आणि सहकार खात्याने एक परिपत्रक काढले तरी यातले बरेचसे होईल.

पतसंस्थेच्या जामिनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मूळ कर्जदार हयात आहे, कमावता आहे, तरी नोटीस माझ्या नावाने आली. तिला मी लेखी उत्तर दिले आहे की मी स्वतः जामीनदार नाही, आणि मयताच्या इस्टेटीपलीकडे माझ्याकडे काहीही मागता येणार नाही.

गाव लहान आहे, कृपया नाव छापू नये.

– एक वाचक, ता. बार्शी, जि. सोलापूर