अँकरच्या दारात भेटलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. अंगात अँकर या बिअरच्या कारखान्याचं जॅकेट होतं, हातात जेवणाचा डबा होता, एवढंच आठवतं. पत्र मराठीत लिहितोय, कारण ते आधी माझ्या वडिलांना, आप्पांना, वाचून दाखवायचं आहे. तुम्हाला इंग्रजीत सांगायला मी शनिवारी पोट्रेरो हिलला, ब्रुअरीच्या दारात येईनच.

12 जुलै 2023 ला बातमी आली. 1896 पासूनची अँकर ब्रुअरी बंद. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळूनही जी पुन्हा उभी राहिली, 1965 साली बुडायला आली तेव्हा फ्रिट्झ मेटॅग नावाच्या तरुणाने जिच्यात पैसे घालून जिला वाचवलं, ती 2017 साली सप्पोरो या जपानी कंपनीने घेतली आणि सहा वर्षांत तिला कुलूप लावायचं ठरलं. शेवटचा ग्लास घ्यायला अख्खं सॅन फ्रान्सिस्को रांगेत उभं होतं. मीही त्या रांगेत होतो. सोबत आप्पा होते, मुंबईहून आलेले. त्यांच्या गळ्यात माळ आहे, बिअरला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. पण कारखाना बंद होतोय म्हटल्यावर म्हणाले, "मला ने."

रांग लांब होती, ऊन होतं. तुम्ही बाहेर आलात, आप्पांना पाहिलंत आणि आतून खुर्ची आणून दिलीत. मी सांगितलं, हे मुंबईत कापडाच्या गिरणीत होते, 82 च्या संपानंतर गिरणी पुन्हा उघडलीच नाही. लोक यावर "अरेरे" म्हणतात आणि विषय बदलतात. तुम्ही उकिडवे बसलात, आप्पांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणलात आणि विचारलंत, "तुम्ही कोणत्या मशिनवर होता?"

दादा, हा प्रश्न त्यांना एकेचाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

आप्पा साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. चार साचे सांभाळायचे. तिथे इतका खडखडाट असायचा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. त्यातच त्यांचे कान गेले. म्हणून तुम्ही तोंडासमोर बसून सावकाश बोललात, ते त्यांना किती भिडलं हे तुम्हाला कळलं नसेल. इंग्रजी त्यांना येत नाही, तरी माझ्याकडे न बघता ते तुमच्याकडेच बघत होते. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटून साच्याचा ठेका धरला, सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जातानाचा. तुम्ही डोळे मिटून ऐकलात आणि तुमच्या बाटल्या भरायच्या लाइनचा आवाज काढून दाखवलात. रांगेतली माणसं बघत राहिली. माझं भाषांतर तिथे संपलं होतं.

आमच्या गिरणीत असं काही झालं नाही. मालक समोर आले नाहीत, गेटवर एक कागद लागला. देण्यांसाठी आप्पांनी इतके उंबरे झिजवले, कुठल्याच टेबलापलीकडच्या माणसाने त्यांना "बसा" म्हटलं नाही. अडीच लाख माणसांचा तो संप, त्यातल्या एकाला पुढे आयुष्यभर वॉचमनच्या स्टुलावर बसावं लागलं, आणि त्याचा मुलगा शिकून इथवर आला तरी त्याने बापाला कामाचं कधी विचारलं नाही. तुमची स्वतःची नोकरी जात होती, जेवणाची सुट्टी होती. ती सगळी तुम्ही एका परक्या म्हाताऱ्याला दिलीत.

जाता जाता तुम्ही स्टीम बिअरचं सांगितलंत. पूर्वी इथे बर्फ मिळत नसे, म्हणून थंडाव्यात वाढणारं यीस्ट वापरून बिअर उबेतच, उथळ उघड्या हौदांत आंबवायचे. आप्पा घरी येऊन म्हणाले, "बघ, बर्फ नाही म्हणून अडून बसले नाहीत." चांगली माणसं अजून कारखान्यांतच सापडतात, असंही म्हणाले. मला ते पटलं.

तुम्ही सगळे मिळून ब्रुअरी विकत घ्यायची आणि कामगारांनीच चालवायची खटपट करताय, हे कळल्यापासून ते एकच सांगताहेत, "त्याला कमानीचं सांग." म्हणून सांगतो. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्स नावाचा कारखाना होता. मालकांच्या भांडणात बंद पडला. कामगारांनी सहकारी सोसायटी काढली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1988 साली कोर्टाने कारखाना त्यांच्या हाती देण्याची योजना मान्य केली. पुढे तोही अडचणीत आला, हे आप्पा लपवत नाहीत. पण बंद भोंगा पुन्हा वाजला होता, हे त्यांना तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

आप्पा सोमवारी परत निघताहेत. काल जेवताना ते मला साच्याचे भाग एकेक करून सांगत होते, फणी, धोटा, असे, आणि मी लिहून घेत होतो. तुमच्यामुळे, दादा.

शनिवारी तुम्ही दारात असाल तर थांबा. त्यांना तुमचं नाव हवं आहे.

तुमचा,
आप्पांचा मुलगा