पाच वाजता दिवेलागण

कोलकाता,
शनिवार, रात्री साडेनऊ

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

पोचले. मघाशी फोनवर नुसतंच "पोचले, जेवले" म्हटलं, कारण तिकडून कुकरच्या शिट्ट्या आणि बाबांचं "गाडी किती लेट?" एकदमच ऐकू येत होतं. तर बाबा, गीतांजली पंचावन्न मिनिटं लेट. खरगपूरपर्यंत नीट आली, मग रखडली. कुठल्या सिग्नलला ते विचारू नका.

1977 साली मधू दंडवत्यांनी ही गाडी बिनवर्गाची म्हणून सुरू केली आणि सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर फोम त्यांच्यामुळे आला, ही तुमची गोष्ट मी समोरच्या बंगाली काकूंना सांगितली. थ्री एसीत बसून, अंगावर रेल्वेची चादर घेऊन. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तू इथे काय करतेस?

आज काही म्हणजे काही बघायचं नाही, हे मी कल्याणला गाडीत चढतानाच ठरवलं होतं. काम सोमवारी आहे. आणि बाबा, रागावू नका, पण या ठरावाला कारण तुम्ही. 1998ची दिल्ली आठवते? गोवा एक्स्प्रेसमधून निजामुद्दीनला उतरलो, सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि तसेच पारोसे कुतुबमिनारला, कारण "लांबचं आधी उरकायचं". आई अर्धशिशीने पायरीवर बसली, दादाने बसमध्ये उलटी केली. त्यानंतर आपण आणखी दोन ठिकाणं बघितली म्हणे. मला फक्त ऊन आठवतं.

हावड्याहून नदी ओलांडायला आता मेट्रो आहे. मार्च 2024पासून हुगळीच्या खालून जाते, पात्राखालचा भाग पाऊण मिनिटात सरतो. पण भुयारातून नदी काय दिसणार? मी स्टेशनसमोरच्या धक्क्यावर गेले आणि बाबूघाटची लाँच धरली. दहाच्या नोटेतून सुटे परत आले. धक्क्यावर उतरताना एक उताराची लोखंडी फळी आहे, भरती-ओहोटीप्रमाणे तिचा उतार कमी-जास्त होतो. कठडा आहे. बाबांच्या गुडघ्याला चालेल, मी मुद्दाम दोनदा चालून बघितलं.

लाँचमधून हावडा ब्रिज दिसतो, आणि बाबा, तिथे मला तुमची फार आठवण झाली. 1943चा पूल. नदीत एकही खांब नाही, 457 मीटर नुसतं अधांतरी. सगळं रिव्हेटचं काम, नट-बोल्ट नाहीत. आपल्याला पूल म्हटलं की सांगलीचा आयर्विन पूल, त्याच्या दगडी कमानी आणि पुरात मोजायचे ते फूट. इथे मोजायला पाण्यात काही उभंच नाही. आणखी एक, हे मुद्दाम तुमच्यासाठी: लोक येता-जाता पान-तंबाखू थुंकतात, त्याने या पुलाच्या पोलादी पायथ्याचे पत्रे इतके झिजले की त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. पोलादाची ही अवस्था. डबी अजून खिशात आहे का?

बाबूघाटाहून पिवळी अँबॅसडर मिळाली. त्यांचा कारखाना 2014ला बंद पडला, त्यामुळे उरल्या तेवढ्याच. मागची सीट उंच आणि पाय पसरायला ऐसपैस, नव्या गाड्यांसारखं दुमडून बसावं लागत नाही. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात उतरले आहे. अंघोळ, डाळभात, आणि मग वामकुक्षी. अर्धा तास झोपायचं, पाचला चहा, सहाला नदीवर सूर्यास्त, असा माझा बेत. बेत कसला, मिरजेचं घड्याळ इकडे आणलं होतं मी.

जाग आली तर खोलीत अंधार. धडपडत उठले, वाटलं सात वाजले असणार. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं! खाली येऊन चौकीदाराला विचारलं, सूर्य किती वाजता मावळतो? तो म्हणाला, मावळला की. बाबांना कारण सांगायला नको: घड्याळ मिर्झापूरच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, कोलकाता त्याच्या पूर्वेला, मिरज कितीतरी पश्चिमेला. डिसेंबरात इथे पाचला दहा कमी असतानाच सूर्य बुडतो, तुमच्याकडे तेव्हा अंगणात लख्ख ऊन असतं. आई, तुझा "दिवेलागणीच्या आत घरात" हा नियम इथे लावला असतास, तर मला शाळेतून थेट देवघरात यावं लागलं असतं.

तरी निघाले. प्रिन्सेप घाटावर पोचेपर्यंत साडेपाच, पुरती रात्र. पांढऱ्या खांबांचा मोठा मंडप आहे, जेम्स प्रिन्सेपच्या स्मरणार्थ बांधलेला. आई, हा तोच, टाकसाळीतला साहेब, ज्याने 1837 साली ब्राह्मी लिपी उलगडली. तू पाचवीच्या पोरांना अशोकाचे शिलालेख शिकवायचीस ते याच्या जिवावर. मंडप आणि नदी यांच्या मधून चक्ररेल्वेचा रूळ जातो. गाडी आली की सगळे थांबतात, गेली की पुन्हा आइस्क्रीमवाले, जोडपी, फुगे.

नदीकाठी बसायला बाक भरपूर. डावीकडे विद्यासागर सेतूच्या तारांवर दिवे लागले होते. मी कुल्हडातला चहा घेतला, इथे त्याला भांड म्हणतात, दोन घोटांत संपतो. म्हणून आणखी एक घेतला. मग झालमुडी. मुरमुरे, कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, वर कच्चं मोहरीचं तेल आणि खोबऱ्याची पातळ काप. डब्यात चमच्याने खडखड हलवून कागदाच्या पुडीत देतात. मोहरीचं तेल नाकात जातं, डोळ्यांत पाणी येतं. चांगली आहे. पण भडंग ते भडंग. लसूण आणि शेंगदाणा नसेल तर मुरमुऱ्यांना अर्थ नाही, हे माझं मत, आणि ते मी शेजारी बसलेल्या आजोबांनाही ऐकवलं.

त्यांनी विचारलं, कुठली? महाराष्ट्र म्हटल्यावर डोळे मोठे करून म्हणाले, "बर्गी!" आणि खो खो हसले. आई, तू शिकवलेले बारगीर. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर इकडे आल्या, त्या धास्तीने इंग्रजांनी 1742 साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. अर्धवट राहिलेला तो मराठा डिच पुढे बुजवला आणि त्यावर सर्क्युलर रोड झाला. इकडची अंगाई अजून तेच सांगते: बाळ झोपलं, आळी निवांत झाली, आणि बर्गी आले. आजोबांनी ती हळू आवाजात म्हणून दाखवली. आपण "चौथाई" हा शब्द किती कौतुकाने उच्चारतो. त्या अंगाईतली बाई विचारते, धान बुलबुलांनी खाल्लं, आता सारा भरू कशाने? मला एकदम काही बोलायला सुचेना. त्यांनीच माझ्या पुडीतली चिमूटभर झालमुडी उचलली आणि म्हणाले, घे, वसूल झाली.

आठ वाजता परत आले, वाटेत नोलेन गुडाचा संदेश घेऊन. खजुराच्या रसाचा नवा गूळ, थंडीतच मिळतो. रंग भाजक्या विटेसारखा, जिभेवर ठेवला की थोडी धुराची चव. बाबांना साखरेमुळे अर्धाच मिळेल, अर्धा आईचा.

आता मुद्द्याचं. बाबा, यंदाचा रेल्वेचा पास काढायचा राहिला आहे ना? फेब्रुवारी सरायच्या आत या, नंतर हा गूळ संपतो आणि उकाडा सुरू होतो. आधी दोन दिवस आमच्याकडे राहा, मग कल्याणहून गीतांजली. आई, "घर कोण बघेल" हे दादाशी बोलून झालं आहे, तो येतो म्हणाला, त्यामुळे ती सबब बाद. पहिल्या दिवशी लाँच, जेवण, आणि झोपायच्या आधी साडेचारला घाटावर. माझा सूर्यास्त हुकला, तुमचा नको. कुतुबमिनारएवढं लांब इथे काही नाही, मी बघून ठेवलं आहे.

खालचे दोन बर्थ मिळतात का ते उद्याच बघते. येताना भडंगाचा अर्धा किलोचा पुडा आणा, लसूण जास्त घातलेला. आजोबा रोज संध्याकाळी त्याच बाकावर असतात म्हणाले.

तुमची,
ताई