मागच्या बाकावरून 'होऽऽ' म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यास

नागपूर

चि. ………… यास अनेक आशीर्वाद.

'नाव लिहू नका मॅडम, दुकानावरचे पोट्टे चिडवतील,' असं तू म्हणालास म्हणून जागा कोरी सोडली आहे. पत्र मात्र उघडंच लिहिते. तुला एकट्याला पाठवलं असतं तर तू अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झाला असतास. चार लोकांनी वाचलेलं बरं. त्यांत माझ्यासारखे काही शिक्षक असतील आणि त्यांच्याही शाळेत एखादं कपाट कुलपात असेल.

मागच्या वर्षी जुलैत माझ्या मोबाइलचं चार्जिंग बिघडलं म्हणून बर्डीला मोदी नंबर ३ या गल्लीत, तू मोबाइल दुरुस्त करतोस त्या दुकानात आले. तू मला ओळखलंस, मी तुला ओळखलं नाही. आपली शाळा विदर्भातली, जूनच्या अखेरीस उघडलेली, त्यामुळे वर्ष नुकतंच सुरू झालेलं. तू स्टूल पुढे केलास, चहा सांगितलास आणि विचारलंस, 'शाळेत आता सगळं डिजिटल झालं म्हणे?' मी बोलून गेले की प्रोजेक्टर आहे, पण चालत नाही. तू स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवताच म्हणालास, 'चालत नाही का चालवत नाही?'

खरं सांगायचं तर दोन्ही. तो एका योजनेतून आला होता. पहिल्या वर्षी चार-पाचदा लावला. दहा मिनिटांत आपोआप बंद पडायचा. कोणीतरी म्हणालं, लॅम्प गेला. नवा लॅम्प महाग, आणि तुटलं-फुटलं तर जबाबदारी कोणाची, हा त्याहून महाग प्रश्न. मग तो स्टॉक रजिस्टरच्या नोंदीत आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात सुखाने राहिला. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर त्यांनी केलेल्या कामाबद्दल मीही मोठा संदेश लिहिला होता. प्रोजेक्टर तेव्हा कपाटातच होता.

शनिवारी तू आलास. सकाळची शाळा सुटली होती. प्रोजेक्टर टेबलावर उलटा करून बाजूची जाळी काढलीस आणि आतून धुळीचा असा थर निघाला की जुन्या उशीतला कापूस वाटावा. 'हा घ्या तुमचा गेलेला लॅम्प,' म्हणालास. हवा आत जायलाच जागा नव्हती, त्यात नागपूरची गरमी, मग मशीन तापून स्वतःला वाचवायला बंद व्हायचं. बिघाड नव्हताच, ती त्याची अक्कल होती. एक जुना दातांचा ब्रश आणि ब्लोअर, एवढ्यात काम झालं. दुसरी गोष्ट तू शाळेच्या शिपाईमामांना समजावलीस. ते घंटा झाली की भिंतीवरचं बटनच बंद करायचे. रिमोटने बंद करायचं, आतला पंखा फिरून लॅम्प थंड होऊ द्यायचा, मग पिन काढायची. सातवीतल्या एका मुलीने खडूने कपाटावर लिहून ठेवलं: 'पंखा थांबल्याशिवाय पिन काढू नये.' वर्ष झालं, ते अजून कोणी पुसलेलं नाही.

इथवरचं काम कोणत्याही चांगल्या मेकॅनिकने केलं असतं. त्यासाठी मी तुला पैसे दिले असते (तू घेतले नसतेस, ते वेगळं) आणि पत्र लिहिलं नसतं.

पुढचं तू केलंस ते असं. मी मोठ्या उत्साहाने पडद्यावर अपूर्णांकांचा धडा लावला आणि तुझ्याकडे पाहिलं, तर तू जागेवर नाहीस. तू सरळ जाऊन खिडकीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर बसला होतास, गुडघे पोटाशी घेऊन, कारण बाक आता तुला लहान पडतो. तिथून म्हणालास, 'मॅडम, काहीच दिसत नाही.'

चोवीस वर्षं मी त्या वर्गात शिकवते आहे. त्या बाकावर कधी बसले नव्हते. आले, बसले. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागाला खाऊन टाकत होतं. जे उरलं होतं त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी. मी एका पानावर चौदा ओळी कोंबल्या होत्या. आवाज पुढच्या दोन रांगांत घुमून पंख्याच्या खडखडाटात विरत होता.

पुढच्या शनिवारी तू वापरून झालेले दोन फ्लेक्स घेऊन आलास. एकाने खिडकी झाकली, दुसरा पालथा करून त्याच्या पांढऱ्या पाठीचा पडदा केला. अडचण इतकीच की मागच्या दारातून उजेड आला की पाठीवर कोणाच्या तरी वाढदिवसाचे शुभेच्छुक उलटे उमटतात आणि दशांश अपूर्णांकांत एक नेते हात जोडून उभे राहतात. पोरं त्यांना आता 'भाऊ' म्हणतात. 'मॅडम, भाऊ आले, दार लावा.' स्पीकर तू मागच्या भिंतीवर टांगलास. आणि नियम घालून दिलास, एका पानावर चार ओळी, पाचवी नाही. त्या नियमाने माझं शिकवणं जेवढं सुधारलं तेवढं एकाही प्रशिक्षणाने सुधारलं नव्हतं.

मग मी चुकले. सगळं दिसू लागलं, ऐकू येऊ लागलं, तर मी रोज व्हिडिओ लावायला लागले. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर बरंच साहित्य आहे. २०१७ पासून ते ॲप आहे. शाळेत नेट रडतखडत चालतं म्हणून तू दुकानाच्या वायफायवर धडे उतरवून पेन ड्राइव्हमध्ये आणून द्यायचास. पोरं टक लावून बघायची, वर्ग शांत, मी खूश. आणि एका शनिवारी तू ते वाक्य बोललास, जे मी त्या रात्री जेवताना घरी सांगितलं आणि सांगताना घास अडकला:

'पोट्टे गप्प बसले म्हणून तुम्ही खूश झाल्या मॅडम. पण गप्प तर मीपण बसायचो.'

तू बसायचास. मला आठवलं. प्रत्येक गणितानंतर मी विचारायचे, 'समजलं का?' आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, 'होऽऽऽ.' तू सांगितलंस की सर्वांत लांब 'होऽऽ' मागच्या बाकाचा असायचा, कारण ज्याला समजलेलं नाही त्याला मॅडम लवकर पुढे गेलेल्या हव्या असतात. नववीत तू गणितात अडकलास. पेपर मीच तपासला होता. तोवर मला तुझं काही कळलेलं नव्हतं.

प्लिकर्सची कार्डं तू त्यानंतर आणलीस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड, त्यावर काळ्या चौकटींचं चित्र, प्रत्येकाचं वेगळं. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न पडद्यावर. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. मुलांकडे मोबाइल लागत नाही. आमच्याकडे हे महत्त्वाचं, कारण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर ऑटोत फिरत असतो आणि रात्री घरी येतो. आणि शेजाऱ्याचं कार्ड पाहून काही उपयोग नाही, चित्रं वेगळी असल्याने तो काय म्हणतोय ते नुसत्या डोळ्याला कळत नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली तीही लिहिते. टिकावीत म्हणून तू कार्डं चकचकीत लॅमिनेट करून आणली होतीस. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा चमकला की फोनला अर्धी कार्डं वाचताच येईनात. मी बाकांमधून फोन फिरवत होते, पोरं कार्ड वाकडं-तिकडं करत होती, आणि हात वाकडा झाला की उत्तरही बदलत होतं. पुढच्या खेपेला साध्या कागदावर छापून, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर डकवून आणलीस. तीच आजवर चालू आहेत.

प्रश्न साधा होता. मोठी संख्या कोणती, ०.५ की ०.३५? सातवीच्या वर्गाला हे येतं, असं मी शपथेवर सांगितलं असतं. आधी नेहमीप्रमाणे विचारलं, 'दशांश समजले ना?' 'होऽऽऽ.' मग कार्डं वर झाली. ३७ मुलांपैकी २१ जणांनी ०.३५ निवडलं होतं. पहिल्या बाकावरच्या दोघी हुशार मुलीही त्यांत होत्या.

मी फोनकडे बघत राहिले. तू मागून म्हणालास, 'आता उत्तर सांगू नका. त्यांनाच विचारा.' एकाने उठून सांगितलं, 'मॅडम, पॉइंट पस्तीस मोठा, कारण पस्तीस पाचापेक्षा मोठे.' पॉइंट पस्तीस! ही चूक त्याची नव्हती. मीच तर फळ्याशी 'पॉइंट पस्तीस' म्हणते, आपण सगळेच म्हणतो. 'शून्य पॉइंट तीन पाच' म्हटलं असतं तर त्याच्या कानात पस्तीस शिरलाच नसता. दुसरी म्हणाली, 'पाच पैसे आणि पस्तीस पैसे.' म्हणजे पैशांचं उदाहरण देऊन मी जे सोपं केलं होतं तेही उलटं बसलं होतं. ०.५ रुपया म्हणजे पन्नास पैसे, हे तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, आणि हल्ली पैसे बघितलेत कोणी?

मग तू सांगितल्याप्रमाणे शेजाऱ्याला पटवून द्यायला पाच मिनिटं दिली. जो कल्ला झाला तो बघून शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या. एका पोराने दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी काढून तिचे दहा आणि शंभर भाग करायचा खटाटोप केला आणि तो फसला. शेवटी शिवणाच्या तासाची मीटरची टेप आली. अर्धा मीटर पन्नासवर, ०.३५ मीटर पस्तीसवर. दोन बोटं टेपवर ठेवून ती मुलगी काही क्षण नुसती बघत राहिली. मग म्हणाली, 'मागे आहे.' पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा चुकीची फक्त चार होती.

नंतर वाचनात आलं की हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात हीच रीत रूढ केली, आधी मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. तू माझुर वाचलेला नाहीस. तू मागच्या बाकावर बसला होतास.

जिओजेब्रा, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येतात ते सॉफ्टवेअर, तू घातलंस, त्याचंही थोडं. मी फळ्यावर त्रिकोण काढते तो नेहमी पाया आडवा ठेवूनच, सवयीने. तिथे टोक धरून ओढलं तर त्रिकोण लोळतो, उलटा होतो, सुईसारखा बारीक होतो, आणि तिन्ही कोनांची बेरीज बाजूला १८० च राहते. 'मॅडम, याला पायाच नाही!' असं एक जण ओरडला, तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी त्यांना त्रिकोण नाही, घराचं छप्पर शिकवत होते. आणि नेट लागत नाही, हे तू दोनदा सांगितलंस.

एक वाद मात्र आपला राहिला आहे. कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट' या पडद्यावरच्या प्रयोगांच्या संकेतस्थळावर विद्युत परिपथ जोडायचं सिम्युलेशन मी आनंदाने दाखवलं, तर तू खिशातून सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब काढून टेबलावर ठेवलास. 'हाताने होतं त्याला पडदा कशाला?' मला तेव्हा राग आला होता. पोरांनी आधी खरा बल्ब पेटवला, एकाने दोन सेल जोडून तो उडवलाही. मग पडद्यावर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन पाहिले, तेव्हा त्यांना बघायला काहीतरी होतं. तुझं बरोबर होतं, पण पूर्ण नाही. इलेक्ट्रॉन तू खिशातून काढून दाखवू शकत नाहीस. यावर पुन्हा भांडू.

आता आभार. ते मला नीट जमत नाहीत, विद्यार्थ्याचे तर मुळीच नाहीत. वर्षभर शनिवारची दुपार, म्हणजे तुझ्या धंद्याची वेळ, तू आम्हाला दिलीस. धूळ काढलीस, पडदा टांगलास. पण त्याहून मोठं हे की ज्या वर्गात तुला कोणी विचारलं नाही, त्याच वर्गात येऊन 'मला समजत नव्हतं' हे तू मला तोंडावर सांगितलंस. रागाने नाही, चहाचा कप हातात धरून. चोवीस वर्षांच्या 'होऽऽ' मध्ये तुझ्यासारखे किती होते, ते मोजायला माझ्याकडे कार्डं नव्हती. ती आता आहेत.

वार्षिक परीक्षेआधी तू आलास तेव्हा पोरांनी तुलाही कार्ड दिलं होतं, आठवतं? ३८ नंबरचं. अपूर्णांकांच्या भागाकाराचा प्रश्न होता. तू बराच वेळ विचार करून कार्ड वर केलंस, आणि माझ्या फोनवर तुझा नंबर लाल झाला. सगळा वर्ग हसला, सर्वांत मोठ्याने तू. मग शेजारच्या पोराने तुला खडूने बाकावर लिहून समजावलं आणि तू विचारलंस, 'पण उलटा काऊन करायचा?' त्याला ते सांगता आलं नाही. खरं सांगू, मलाही पटकन सांगता आलं नाही.

आता तयारी केली आहे. चार पोळ्या, प्रत्येकाला अर्धी, असं काहीतरी आहे. ३८ नंबरचं कार्ड कपाटात वरच्या कप्प्यात आहे, कपाटाला कुलूप नाही. शनिवारी ये.

तुझी,
गणिताच्या मॅडम